रांगेतून सुटका कोणाची?

बाजारातील रांग संपविण्याचा उपाय आता ग्राहकाच्या खिशातच आहे, असे सांगितले जाते. मोठ्या दुकानात शिरावे, वस्तू उचलताना तिच्यावरील बारकोडसमोर मोबाइल धरावा, पैसे परस्पर खात्यातून वळते व्हावेत आणि गल्ल्यासमोरील रांगेकडे न पाहता बाहेर पडावे, अशी या अ‍ॅपची योजना आहे. ती आखणारे तंत्रज्ञ तिला वेळेची बचत म्हणतात, दुकानांचे मालक ग्राहकसेवा म्हणतात आणि सुशिक्षित मध्यमवर्ग प्रगती म्हणतो. समाजवाद्यांनी विचारावयाचा प्रश्न मात्र निराळा आहे. ही रांग निर्माण कोणी केली, आणि तिच्यातून सुटका कोणाची होणार?

रांगेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तासभर उभे राहणे ही शिक्षाच होय. रोजंदारीवरील माणसाचा त्यात रोज बुडतो, म्हाताऱ्यांचे पाय सुजतात. रांग नाहीशी व्हावी ही मागणी आमचीही आहे. वाद आहे तो ती कशी आणि कोणाच्या खर्चाने नाहीशी व्हावी, याविषयी.

मोठ्या दुकानातील रांग ही दैवी आपत्ती नव्हे. दहा गल्ले बांधून त्यांतील चारच उघडे ठेवावयाचे, हा व्यवस्थापनाचा हिशेब असतो. गल्ल्यावर माणूस ठेवला तर त्याला वेतन द्यावे लागते. ग्राहकाला ताटकळत ठेवले तर त्याच्या वेळेचे मोल मालकाच्या खतावणीत कोठेच नोंदले जात नाही. अ‍ॅप हा हिशेब बदलत नाही, तो पुरा करते. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्सने ‘पिग्ली विग्ली’ हे दुकान उघडले, तेव्हा फळीवरून माल काढण्याचे नोकराचे काम ग्राहकाकडे आले. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी बारकोडवरून पहिली वस्तू, च्युइंगमचे एक पाकीट, विकली गेली. तेव्हापासून किंमत ओळखण्याचे काम यंत्राकडे जाऊ लागले. आता वस्तू नोंदविणे, पैसे चुकते करणे, पिशवी भरणे हे सारे ग्राहकानेच करावयाचे. काम संपलेले नाही. कामगाराचे वेतन तेवढे संपले आहे. शिवाय आपण काय घेतो, केव्हा घेतो, किती खर्चतो याची बिनचूक नोंद ग्राहक स्वतःच्या हाताने भांडवलदाराच्या दप्तरी जमा करतो. बंगळूरच्या ‘परप्यूल’ या २०१६ साली निघालेल्या कंपनीने आरंभी असेच रांग टाळणारे अ‍ॅप केले होते. २०२१ साली ती अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. लहान कल्पना मोठ्या भांडवलाच्या पोटात जाण्यास पाच वर्षेही पुरतात.

यंत्र माणसाची जागा घेते, हे तरी खरे आहे काय? अ‍ॅमेझॉनने २०१८ च्या जानेवारीत सिअ‍ॅटल शहरात गल्लाच नसलेले दुकान उघडले. छतावरील कॅमेऱ्यांनी वस्तू टिपावयाच्या आणि गिऱ्हाइकाने सरळ चालते व्हावयाचे. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेतील आपल्या ‘फ्रेश’ किराणा दुकानांतून ही पद्धत काढून घेण्याचे जाहीर केले. त्या सुमारास भारतातील सुमारे एक हजार माणसे या खरेदीच्या चित्रफिती तपासत असल्याचे वृत्त गाजले. कंपनीने वृत्तातील प्रमाण नाकारले. तपासणी माणसे करतात हे मात्र नाकारले नाही. अर्थात गल्ल्यावरचा कामगार नाहीसा झाला नव्हता, त्याला हजारो मैल दूर, स्वस्त मजुरीच्या देशात, ग्राहकाच्या दृष्टीआड बसविले होते. इंग्लंडमधील ‘बूथ्स’ या दुकानांनी तर २०२३ च्या अखेरीस ग्राहकाने स्वतःच हिशेब करावयाची यंत्रे बहुतेक ठिकाणांहून काढून पुन्हा माणसे बसविण्याचे ठरविले. तेव्हा काळाचा ओघ एकाच दिशेने वाहतो, असे आम्हांला कोणी शिकवू नये.

आता हा प्रश्न ऊर्जानगरातून पाहावा. ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. राज्यातील झगमगीत दुकाने आणि त्यांचे संगणक ज्या विजेवर चालतात, तिच्यात या केंद्राचा वाटा मोठा. राख आणि धूर मात्र येथल्याच वाट्याला. येथून गडचिरोलीच्या जंगलाकडे वळले की रांगेचा अर्थच पालटतो. तेथील रांग रेशन दुकानापुढची असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. परंतु ते मिळविण्यासाठी यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. बांबू तोडून, तेंदूपाने खुडून, माती उपसून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखता येत नाहीत. जंगलातल्या गावात ‘नेटवर्क’ नसले की सारी रांग खोळंबते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. शहरात यंत्र आणले जाते ते रांगेतून सुटण्यासाठी. येथे यंत्रामुळेच माणूस रांगेत अडकतो. धान्य फुकट झाले, पण दुसऱ्यांदा खेटा घालावा लागला तर बुडालेल्या मजुरीने त्याची किंमत चुकती होतेच.

यापेक्षाही गंभीर गोष्ट पुढेच आहे. ज्याला परवडते तो रांगेतून निघून जातो, तेव्हा आपला आवाजही बरोबर घेऊन जातो. सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाना यांचे असेच झाले. बोलणारा वर्ग बाहेर पडला आणि मागे राहिलेल्यांची तक्रार ऐकणारे कोणी उरले नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातील अडचण ही प्रत्येकीची खाजगी अडचण नसून सर्वांची आहे, हे ज्यांना उमगले त्यांनीच तो लढा दिला. प्रत्येकीला स्वतंत्र सुटकेची वाट दाखविली असती, तर तो मोर्चा निघाला नसता.

रांग संघटनेनेही संपते. मुंबईच्या गिरणगावात, नायगावला, १९४८ साली कामगारांच्या सहकारातून ‘अपना बाजार’ उभे राहिले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले. शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात, माल घाऊक खरेदी होऊन संघाच्या दारी येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. तेथे ना गल्ला, ना रांग, ना मधल्यांची नफेखोरी. हे सारे मोबाइलच्या जन्मापूर्वी जमले होते!

म्हणून तंत्रज्ञानास विरोध करणे हा आमचा कार्यक्रम नाही. अ‍ॅप अवश्य आखावे; पण आखणाऱ्यांनी प्रथम भामरागड आणि एटापल्लीच्या रांगेकडे पाहावे. दुकानात धान्य आले की नाही, आपल्या कार्डावर किती देय आहे, कोणत्या वेळी यावे, हे साध्या फोनवरही मराठीत, गोंडीत, माडियात ऐकू यावे. यंत्र बंद पडले तर नोंदवहीत नोंद करून धान्य देणे बंधनकारक असावे. शहरातील दुकानांत अ‍ॅप आले तरी रोख पैसे घेणारा गल्ला राहावा, एकाही कामगाराची नोकरी जाऊ नये आणि ग्राहकाच्या खरेदीची नोंद विक्रीस काढू नये. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानातील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. महाराष्ट्रातील प्रत्येक गल्ल्यामागे खुर्ची दिसली पाहिजे, हीही आपली मागणी असावी.

कार्यकर्त्यांनी या महिन्यापासून कामास लागावे. आपापल्या भागातील रेशन दुकानापुढे उभे राहून यंत्र किती वेळा बंद पडले आणि किती माणसे रिकाम्या पिशवीने परतली, याची नोंद करावी. ती दक्षता समितीपुढे आणि ग्रामसभेत मांडावी. ऊर्जानगर आणि दुर्गापूरच्या कायम व कंत्राटी कामगारांनी एकत्र येऊन ग्राहक संघ काढावेत. रांगेतील शेवटच्या माणसाला धान्य मिळेपर्यंत पुढच्यांनी घरी जावयाचे नाही, एवढी शिस्त आपण पाळली तरी पुष्कळ झाले.