आवाज कोणी कमी करायचा?



मुलगी क्लासिकल गिटार शिकायला लागली की आयांचा प्रश्न ठरलेला: सायलेंट गिटार घेऊ का? फ्लॅटमध्ये भिंतीला भिंत लागून, पलीकडे कुणाची दहावी, आतल्या खोलीत सासूबाईंचं सामायिक. माझं उत्तर असं की परवडत असेल तर जरूर घ्या, पण साधी गिटार काढून टाकू नका.

आधी ही वस्तू समजून घेऊ. यामाहाच्या एसएलजी २०० एन या गिटारला पोकळ पेटीच नसते. मधे लाकडी दांडा आणि बाजूला सुटी होणारी चौकट. तारेचं कंपन घोडीजवळचा पिकअप टिपतो आणि सूर हेडफोनमधून कानात येतो. खोलीत ऐकू येते ती फक्त तारेची बारीक किणकिण.

तारा नायलॉनच्या, हे आपल्यासाठी विशेष. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या गिटारला जनावरांच्या आतड्याच्या तारा लावत. युद्धात त्यांचा तुटवडा झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. मात्र बऱ्याच साध्या गिटारींची घोडी आणि वरची पट्टी आजही हाडाची असते. दुकानात हे स्पष्ट विचारा. प्लास्टिकचे पर्याय सहज मिळतात.

रात्री नऊनंतर बोटांचे व्यायाम, तीच ओळ पन्नास वेळा घासणं, यासाठी सायलेंट गिटार फार सोयीची. घरच्यांचे कान आणि मुलीचा संकोच, दोन्ही वाचतात. पण हेडफोन माणसाला फसवतोही. बटण फिरवलं की आवाज मोठा होतो, कृत्रिम घुमारा लावला की कच्चा सूर झाकला जातो. नखाने तार किती दाबून छेडायची, सूर खोलीभर कसा पोचवायचा, हे बोटांना कळतच नाही. शेजारच्या मिरजेचे सतार आणि तंबोरे पाहा, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर भोपळा निवडून, वाळवून घेतात तो शोभेसाठी नव्हे. तार बोलते ती त्याच्या पोकळीमुळे.

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. आपल्या कोल्हापूरच्या दरबारचे गायक अल्लादियाखाँ एकदा औषधोपचारासाठी सांगलीत होते. येता-जाता एका घरातून त्यांना एका तरुण मुलीचा रियाज ऐकू यायचा. एके दिवशी ते आपणहून आत गेले आणि तिला शिकवू लागले. ती मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर, किशोरी आमोणकरांच्या आई. तो रियाज रस्त्यापर्यंत पोचला नसता तर?

आपल्या घरांत टीव्ही मोठ्याने चालतो, मिक्सर चालतो, मुलगा मित्रांसोबत मॅच बघताना ओरडतो. गप्प बसायची पाळी येते ती बहुधा मुलीच्या किंवा सुनेच्या सरावावर. मौन हे व्रत आहे, पण ते स्वतः घेतलं तरच. दुसऱ्याने लादलं तर ती नुसती गप्प बसवणूक. तिचा आवाज कुणाला त्रासाचा वाटू नये म्हणून यंत्र आणायचं आणि त्यालाच कौतुक म्हणायचं, हे मला पटत नाही.

म्हणून घरात वेळ ठरवून घ्या. संध्याकाळी रोज अर्धा तास साधी गिटार, दार उघडं, टीव्ही बंद. सामायिकाची आणि झोपेची वेळ सोडून शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा. सांगितलं की लोक समजून घेतात. उरलेला सराव सायलेंट गिटारवर, घुमारा बंद ठेवून, हेडफोनचा आवाज बेताचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठीही ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते. मुलांसाठी ती आणखी कमी आहे.

आणि महिन्यातून एकदा तरी घरच्या सगळ्यांना समोर बसवून तिला वाजवायला सांगा. चुकेल, अडखळेल, चालेल. ऐकणारं कुणी आहे हे कळल्यावरच हात मोकळा होतो.