‘कीचकवध’ राहिले, ‘सैरंध्री’ गेली

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. धर्मराजात मवाळ दिसले, भीमात जहाल. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

त्याच नाटकावरून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो पुण्यात, आर्यन थिएटरात लागला. नाटकावरची बंदी तेव्हा उठलेली नव्हती! मूकपटात खाडिलकरांची धारदार भाषा अर्थातच नव्हती. तरी कीचकाच्या वधाचे दृश्य इतके अंगावर येई, की पुढे ते कापावे लागले. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. द्रौपदीच्या वेशात पुरुष पाहण्याची सवय असलेल्या त्या काळात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या चित्रपटात उभ्या राहिल्या, हे धाडस मला टिळकांच्या पदवीइतकेच मोठे वाटते.

आणि तो कॅमेरा! परदेशातून आणलेला नव्हे. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कोल्हापुरातच तो घडवला. त्याचे मोल आमच्या दापोडीकरांना सांगायला नको. एसटीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर आयुष्य काढलेली माणसे इथे गल्लोगल्ली आहेत. फिल्म सेकंदाला पंधरा-सोळा वेळा पुढे ओढायची, प्रत्येक वेळी क्षणभर थांबवायची आणि त्याच ठेक्यात झडप उघडायची. एखादा दाता किंचित चुकला तरी चित्र थरथरणार.

अशा कॅमेऱ्याने टिपलेला ‘सैरंध्री’ आज उरलेला नाही. बंदी आलेले नाटक आपण अजून वाचू शकतो. सरकारने दाखवू दिलेला चित्रपट मात्र आपणच जपला नाही. नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते, ठिणगी लागली की भडकते. १९३१ला बोलपट आले आणि मूकपटांची किंमत संपली. कित्येक रिळे त्यांतल्या चांदीसाठी विकली गेली. तेराशेच्या वर भारतीय मूकपटांतले आज तीससुद्धा उरलेले नाहीत.

म्हणून एक विनंती. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या कुणाच्या माळ्यावर जुनी जाहिरातपत्रके, छायाचित्रे, चित्रपटाच्या पुस्तिका असतील, तर रद्दीत घालू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे दाखवा. फिल्मचा जुना डबा सापडला, तर तो उन्हापासून आणि विस्तवापासून दूर ठेवा, स्वतः उघडू नका. आधी संग्रहालयाला कळवा.