वर्कलाचा कडा : पर्यटनाचा आधार, पर्यटनाचाच भार

वर्कला (केरळ) : तिरुअनंतपुरमच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या वर्कला या लहानशा किनारी नगरात येणाऱ्या पर्यटकाला समुद्र भेटतो तो उंचावरून. उत्तरेकडील रस्ता जांभ्या खडकाच्या कड्यावर येऊन संपतो आणि वाळू व लाटा खाली खोलवर दिसतात. कड्याच्या कडेने जाणाऱ्या अरुंद पायवाटेवर उपाहारगृहे, निवासगृहे आणि दुकाने दाटीने उभी आहेत. नगराचे अर्थकारण ज्या कड्यावर उभे आहे, तोच आता ठिसूळ होत चालला आहे.

युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत सप्टेंबर २०२५ मध्ये भारतातील सात नैसर्गिक स्थळांची भर पडली. त्यांत वर्कलाचा कडा आहे, तसेच महाराष्ट्रातील पाचगणी-महाबळेश्वर येथील दख्खनची अग्निजन्य खडकरचनाही आहे. वर्कलाचे भूशास्त्रीय महत्त्व त्याआधीच मान्य झालेले होते. येथील थरांना १९व्या शतकातच या गावावरून ‘वर्कल्ली’ हे नाव मिळाले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या कड्याला राष्ट्रीय भूवारसा स्थळाचा दर्जा दिला आहे.

या महत्त्वातच धोक्याचे मूळ आहे. माथ्यावरचा जांभा सच्छिद्र असून त्याखाली वालुकाश्म व चिकणमातीचे थर आहेत. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, चिकणमातीपाशी अडते आणि कड्याच्या अंगातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पर्यटकांना मोहविणारे हे झरे आतील माती हळूहळू वाहून नेतात. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा पायथा पोखरतात आणि आधार गमावलेला वरचा भाग कोसळतो. ही झीज नैसर्गिक आहे. परंतु माथ्यावरील बांधकामांचा भार, जमिनीत मुरणारे सांडपाणी आणि वाहनांची वर्दळ यांमुळे तिला वेग येतो.

वर्कला हे केवळ विश्रामस्थळ नाही. येथे प्राचीन जनार्दनस्वामी मंदिर आहे. जवळच्या शिवगिरी येथे समाजसुधारक श्री नारायण गुरू यांची समाधी असून दरवर्षी ३० डिसेंबर ते १ जानेवारी या काळात तेथे यात्रा भरते. पापनाशम किनाऱ्यावर कर्किडक महिन्यातील अमावास्येला, म्हणजे मराठी पंचांगातील आषाढ अमावास्येच्या सुमारास, पितृतर्पणासाठी मोठी गर्दी होते. पर्यटनाचा हंगाम हिवाळ्यातला असला, तरी हा विधी ऐन पावसाळ्यात येतो. कडा सर्वाधिक भिजलेला असतानाच त्याच्या पायथ्याशी भाविक जमतात.

याच पेचातून जून २०२४ मध्ये वाद उद्भवला. पडझडीचा धोका असल्याचे सांगून जिल्हा प्रशासनाने बलिमंडपानजीकचा कड्याचा काही भाग यंत्राच्या साह्याने काढला. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्यास आक्षेप घेतला. एकीकडे जीविताच्या रक्षणाची तातडी आणि दुसरीकडे पुन्हा निर्माण न होणारा वारसा, असा हा तिढा होता. त्याआधी त्याच वर्षी मार्चमध्ये पापनाशम येथील तरंगत्या पुलाला लाटांचा तडाखा बसून अनेक पर्यटक जखमी झाले होते. नवे आकर्षण उभारण्याची घाई आणि समुद्राच्या स्वभावाकडे होणारे दुर्लक्ष त्या दुर्घटनेत उघड झाले.

कायद्याचा आधार नाही, असे नव्हे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना लागू आहेत. केरळमध्येच मरडू येथे या नियमांचा भंग करून उभारलेल्या बहुमजली इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये पाडण्यात आल्या. मात्र ती कारवाई बांधकाम पूर्ण झाल्यानंतरची होती. बेकायदा इमारत पाडता येते. ढासळलेला कडा पुन्हा उभारता येत नाही. म्हणूनच वर्कलात उशिरा झालेल्या कारवाईचा उपयोग मर्यादित राहील.

पाचगणी-महाबळेश्वरचा अनुभव येथे बोलका आहे. तो परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला, तरीही बांधकामांचा दबाव आणि वाहनांची गर्दी हे तेथील नित्याचे प्रश्न राहिले. केवळ घोषणेने संरक्षण साधत नाही, हा त्याचा अर्थ.

संभाव्य यादीत किमान एक वर्ष राहिल्यानंतरच एखाद्या स्थळाचे नामांकन सादर करता येते आणि त्यासोबत संवर्धन व व्यवस्थापनाची ठोस व्यवस्था दाखवावी लागते. वर्कलासाठी हीच खरी कसोटी ठरेल. कड्याच्या काठापासून बांधकामे व वाहनतळ मागे घेणे, सांडपाण्याची बंदिस्त व्यवस्था करणे, पावसाचे पाणी सुरक्षितपणे वळविणे आणि पावसाळी विधीसाठी पायथ्यापासून दूर जागा देणे ही कामे अवघड आहेत, कारण काठावरच्या दुकानांवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. त्यांना पर्यायी जागा न देता आखलेली योजना टिकणार नाही. परंतु काठ जसजसा मागे सरकेल, तसतशी ती दुकानेही मागे सरकवावीच लागतील. ते नियोजनाने करायचे की पडझडीची वाट पाहायची, एवढाच निर्णय प्रशासनाच्या हाती आहे.