काळ्या मातीला कोणता टायर?

गेल्या महिन्यात वायपर आणि काचेबद्दल लिहिलं, तेव्हा पावसाळ्यातला सगळ्यात मोठा विषय बाकी राहिला होता. तो म्हणजे टायर. उधन्याच्या एका कुटुंबातल्या वादामुळे तो आता घ्यावाच लागला.

घरात फोर बाय फोर थार आहे, मुलाची हौस. मूळ गाव साक्री तालुक्यात. आजी अजून तिथेच, धाकट्या काकांबरोबर मळ्यात राहतात. गावापासून मळ्यापर्यंत शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, तोही काळ्या मातीचा. गेल्या वर्षी आषाढात रात्री आजींना दम लागला आणि त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागलं. तेव्हापासून मुलाने मनात घेतलं आहे की यंदा गाडीला असे टायर टाकायचे, की थेट मळ्याच्या ओट्याशी उभी राहील. दुकानदारानेही ‘एकदम मस्त लागशे’ म्हणून मोठ्या ठोकळ्यांचे, राक्षसासारखे दिसणारे टायर दाखवले. वडिलांचं म्हणणं, कंपनीचे टायर अजून चांगले आहेत, एवढा खर्च कशाला? श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळं घर गावी जाणार, त्याआधी निकाल हवा म्हणून दोघांनी मला मध्ये घातलं.

दोघांची काळजी खरी आहे. पण टायरकडून कोण काय अपेक्षा करतोय, ते आधी बघायला हवं.

दुकानात तीन जाती मिळतात. एचटी म्हणजे हायवेचा टायर: बारीक खाचा, मऊ चाल, आवाज कमी. एमटी म्हणजे चिखलाचा: मोठमोठे ठोकळे, मधे रुंद मोकळी जागा, आणि वेग घेतला की भुंग्यासारखी घरघर. या दोघांच्या मधला एटी, म्हणजे ऑल टेरेन. ही जात तशी फार जुनी नाही. अमेरिकेत बीएफगुडरिच कंपनीने १९७६ मध्ये पहिला रेडियल ऑल टेरेन बाजारात आणला. आज आपल्याकडे अपोलो, सीएट, एमआरएफ, योकोहामा असे सगळेच एटी विकतात. नाव ऑल टेरेन असलं तरी त्याचा अर्थ सगळीकडे उत्तम असा नाही. सगळीकडे बऱ्यापैकी, असा घ्यावा. मुरूम, खडी, दगडगोटे, डांगातल्या जंगलवाटा, उखडलेला घाट, इथे एटी खरोखर कामाला येतो. त्याचं रबर कापलं जायला जरा अवघड असतं, बाजू बहुधा जाड असते आणि खाचा खोल असतात.

आता हिशोब करा. सुरतहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल आणि साक्री. साधारण पावणेदोनशे किलोमीटर आणि सगळं डांबर. कच्चा रस्ता तीन किलोमीटर. म्हणजे शंभर किलोमीटरमागे दोन किलोमीटरसुद्धा चिखल नाही. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांत ओलं डांबर, घाटातली वळणं, समोरून येणारे ट्रेलर, आणि पहिल्या पावसात रस्त्यावर तरंगून येणारं तेल. मोठ्या ठोकळ्यांचा टायर रस्त्याला कमी टेकतो, त्याचं रबर कडक असतं आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असतात. त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी साधारणपणे जास्त अंतरावर थांबते. एमटीत हा दोष सगळ्यात जास्त, एटीत त्याहून कमी, चांगल्या एचटीत सगळ्यात कमी. मागच्या सीटवर आजी असोत की नातवंडं, घाटात हे अंतरच महत्त्वाचं ठरतं. वडिलांना मी म्हटलं, तुमचा मुद्दा पैशाचा होता, पण नकळत तो सुरक्षिततेचा निघाला.

मग त्या तीन किलोमीटरचं काय?

आपण खानदेशची माणसं, काळी माती आपल्याला कुणी शिकवायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडला की तीच माती फुगून लोण्यासारखी होते. ओल्या वावरातून चपला घालून चालून बघा. दहा पावलांत चपलेला मातीचा थर लागतो आणि माणूस चार बोटं उंच होतो. त्यानंतर चपलेचा तळवा कसा होता याला काही अर्थ उरत नाही, कारण तुम्ही मातीवर मातीनेच चालत असता. टायरचं अगदी हेच होतं. एटीच्या खाचा पहिल्या पन्नास फुटांत गच्च भरतात आणि महागडा टायर गुळगुळीत लाटणं होऊन बसतो. एमटीच्या खाचा रुंद, त्यामुळे चाक जोरात फिरलं की माती बाहेर फेकली जाते. म्हणून तो थोडा पुढे जातो. थोडाच. मुरलेल्या काळ्या मातीत चर खोल असले की गाडी पोटावर टेकते. आणि चारही चाकं हवेत फिरत असली की त्यांवर कोणती जात बसवली आहे, हे विचारायला कुणी येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी दिसायला उलटी वाटते. जितका रुंद टायर तितका चिखलात चांगला, असं सगळी तरुण मंडळी धरून चालतात. वाळूत ते खरं आहे. पण वर निसरडी माती आणि खाली घट्ट जमीन असेल, तर अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या घट्ट थराला जाऊन भिडतो, आणि रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला ६.००-१६ टायर असायचे, म्हणजे रुंदी जेमतेम सहा इंच. आजच्या थारच्या २५५ मिलिमीटर टायरची रुंदी दहा इंच भरते. त्या जीपगाड्या सगळ्या जगाच्या चिखलातून निघाल्या. त्यात टायरच्या रुंदीपेक्षा हलक्या वजनाचा हात मोठा होता, हेही खरं.

इथे मुलगा जरा हिरमुसला. म्हणून त्याच्या बाजूचंही सांगतो. कंपनीचे एचटी घासत आले असतील आणि गावाकडे, सापुताऱ्याकडे, डांगात वर्षातून आठ-दहा फेऱ्या होत असतील, तर पुढचा जोड एटीचा घ्यायला माझी हरकत नाही. मुरमाच्या रस्त्यावर आणि उखडलेल्या साइडपट्टीवर फरक कळतो, दगडाने बाजू फाटायची भीती कमी होते. फक्त सौम्य नक्षीचा घ्या, ज्याचे मधले ठोकळे एकमेकांना चिकटून आहेत आणि ज्यांवर बारीक चिरा आहेत असा. फोटोत तो कमी रुबाबदार दिसतो, ओल्या हायवेवर जास्त शहाण्यासारखा वागतो. गाडी थोडी जड चालेल, इंधन थोडं जास्त जाईल, आवाज वाढेल. हे स्वीकारूनच घ्या.

मापाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. जिमनीचं उदाहरण घ्या, मंडळात तीन-चार आहेत. तिचं मूळ माप १९५/८० आर १५. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम इंचांत. हिशोब केला तर व्यास ६९३ मिलिमीटर येतो. २१५/७५ आर १५ टाकला तर ७०३, फरक दीड टक्का, चालून जातो. पण हौसेने २३५/७५ आर १५ टाकला की व्यास ७३३ होतो, म्हणजे जवळपास सहा टक्के मोठा. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०६ ने धावत असेल. गिअर जड पडतील, सापुताऱ्याच्या चढावर इंजिन कण्हायला लागेल, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या भागाला घासू शकेल. आणि एवढं करून गाडी वर उचलली गेली किती? व्यास चाळीस मिलिमीटर वाढला, पण जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मी, वीस. बोटाच्या एका पेराएवढी. शिवाय वॉरंटीचा वाद येऊ शकतो, तो वेगळाच.

टायरच्या बाजूवर आणखी दोन गोष्टी वाचा. मापाच्या पुढे ‘१११ टी’ असं काही लिहिलेलं असतं. १११ म्हणजे एक टायर १०९० किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. हे कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको. बऱ्याच एमटींवर ‘क्यू’ असतो, म्हणजे १६०. दुसरं, चार आकड्यांचा शिक्का. २३२५ असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानदार ‘नवीनच माल आहे’ म्हणाला तरी मोबाइलचा उजेड पाडून बघा. फोर बाय फोरच्या एटीची मापं रोज खपत नाहीत, माल गोदामात पडून राहतो.

भावाचं सांगायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या भावाचा कागद कुणी पुढे केला तर बिल नीट बघा. आणि फोर बाय फोरला दोन टायर बदलून भागत नाही. थार काय, जिमनी काय, फोर एचमध्ये टाकली की पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. पुढे घासलेले आणि मागे नवे, थोडे उंच टायर असतील तर दोन्हीकडची चाकं एकाच वेगाने फिरू शकत नाहीत आणि तो ताण ट्रान्सफर केसवर येतो. कोरड्या डांबरावर फोर एच लावू नये, त्यामागेही हाच ताण. म्हणून चार एकसारखे घ्या. शक्य असेल तर पाच, म्हणजे स्टेपनीही त्याच जातीची, आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला जागा बदला.

जाता जाता सुरतेपुरतं. खाडीपुराच्या पाण्यात एटी टायर तुम्हाला तारत नाही. थारची पाण्यात उतरायची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे, ती शांत पाण्यात. वाहत्या पाण्यात त्याआधीच गाडी हलकी होऊन सरकायला लागते. आणि डुमसला ओहोटीच्या वेळी गाळात गाडी घालून रील काढणाऱ्यांची फजिती आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली आहे.

तर उधन्याच्या घरात ठरलं ते असं. मूळ मापाचे, सौम्य नक्षीचे पाच एटी, पण दिवाळीनंतर, आताचे घासल्यावर. आता फक्त अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच हवा. टायरसाठी काढलेल्या पैशातून काकांना मुरमाच्या आठ-दहा ट्रॉल्या टाकायला सांगितल्या आहेत. अख्खे तीन किलोमीटर नाहीत, नाल्याजवळचा जो तुकडा दरवर्षी गिळतो तेवढाच. आणि आषाढ-श्रावण हे दोन महिने आजी साक्रीत लेकीकडे राहणार आहेत. त्या लगेच तयार झाल्या नाहीत. म्हशीचं कोण बघणार, यावर अजून बोलणी चालू आहेत.