निवृत्ताचा व्हिसा आणि भाड्याचे घर

निवृत्तीनंतरचे आयुष्य आपल्या देशात घालवू इच्छिणाऱ्या परकीयांसाठी पोर्तुगाल, स्पेन, थायलंड, मलेशिया इत्यादी देशांनी खास व्हिसाची सोय केलेली आहे. या व्हिसाची चर्चा होते ती बहुधा उत्पन्नाच्या अटीपुरती. अमुक इतके निवृत्तिवेतन असले की प्रवेश मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्या अटीच्या मागे दुसरी एक अट उभी असते. ती म्हणजे त्या देशातील घराचा पत्ता. वरकरणी ही बाब कारकुनी स्वरूपाची वाटते. वस्तुतः कोणाला प्रवेश मिळावा आणि कोणाला मिळू नये याचा निर्णय पुष्कळदा हीच अट करते, आणि तिचा खर्च राज्यसंस्थेला नव्हे, तर वृद्ध अर्जदाराला सोसावा लागतो.

पोर्तुगालचे उदाहरण घेऊ. गोव्याशी असलेल्या जुन्या संबंधामुळे हा देश आपल्याला अपरिचित नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा करण्याची वाट उपलब्ध होत आली आहे व ज्यांनी ते मिळवले त्यांना व्हिसाचा प्रश्नच नाही. इतर भारतीयांना मात्र ‘डी ७’ या व्हिसाच्या मार्गाने जावे लागते. निवृत्तिवेतन, घरभाडे, व्याज अशा नियमित उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठी तो आहे. उत्पन्नाची किमान मर्यादा तेथील किमान वेतनाला बांधलेली आहे. २०२५ साली हे वेतन दरमहा ८७० युरो होते. एका युरोस शंभर रुपये असा सोपा हिशेब धरला, तर ही रक्कम ८७ हजार रुपये होते. वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेल्या एखाद्या प्राध्यापकाला ती आवाक्यातली वाटू शकेल.

अडचण येते ती यानंतर. अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. स्वतःचे घर नसेल आणि तेथे आश्रय देणारा आप्त नसेल, तर साधारणतः बारा महिन्यांचा भाडेकरार दाखवावा लागतो. लिस्बनच्या मध्यवस्तीत एका शयनगृहाच्या घराचे भाडेच सामान्यतः या ८७० युरोंहून अधिक असते. म्हणजे कायद्याने उत्पन्नाची जी मर्यादा घालून दिली, तेवढेच उत्पन्न असलेला मनुष्य राजधानीत भाडे भरून उपाशी राहील. त्याला दूरच्या लहान गावाकडे वळावे लागेल किंवा बेत सोडून द्यावा लागेल. उत्पन्नाची जाहीर अट एक आणि भाडेकराराने घातलेली खरी अट दुसरी, असा हा प्रकार आहे.

क्रम पाहिला तर हा अन्याय अधिक स्पष्ट होतो. भाडेकरारासाठी तेथील कर क्रमांक हवा, म्हणून तो आधी मिळवायचा. मग हजारो मैलांवरून, न पाहिलेल्या घराचा करार करायचा. परक्याला स्थानिक जामीनदार नसतो, म्हणून घरमालक कित्येकदा अनेक महिन्यांचे भाडे आगाऊ मागतो. एवढे झाल्यावर अर्ज दाखल होतो. त्यावर निर्णय देण्यास कायद्याने साठ दिवसांची मुदत आहे, पण प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागू शकतो. दरमहा एक हजार युरो भाडे आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा धरली, तर रिकाम्या घरापायी तीन लाख रुपये खर्ची पडतात. व्हिसा नाकारला गेला तर ते बुडालेच. श्रीमंताला हा किरकोळ खर्च वाटेल. भविष्य निर्वाह निधीतून आलेल्या रकमेवर उरलेले आयुष्य काढणाऱ्याला तो तसा वाटणार नाही.

थायलंडमध्ये या अटीचे रूप निराळे आहे. तेथे पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या परकीयाला बँकेत ८ लाख बाट ठेवून अथवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवून निवृत्त म्हणून वर्षावर्षाची मुदतवाढ मिळू शकते. मात्र १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार, परकीयाला घरात ठेवणाऱ्याने चोवीस तासांच्या आत अधिकाऱ्यांना तसे कळवावे लागते. कायद्याने हे कर्तव्य घरमालकावर टाकले आहे. पण त्याने ते टाळले, तर मुदतवाढीसाठी गेलेल्या भाडेकरूची अडवणूक होते. भाड्याचे उत्पन्न करखात्याच्या नजरेस येऊ नये, म्हणून कागद देण्यास नाखूश असलेले मालक सर्वत्र असतात. चूक एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, असा येथला न्याय आहे. मलेशियाने तर याही पुढे मजल मारली. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार दीर्घकालीन वास्तव्याच्या योजनेत भाड्याचे घर पुरेसे नाही. रौप्य श्रेणीतही किमान ६ लाख रिंगिट किमतीचे घर विकत घ्यावे लागते.

या अटीमागे राज्यसंस्थेची काहीच बाजू नाही, असे मात्र नव्हे. आलेला परकीय रस्त्यावर येऊ नये, सरकारी मदतीवर अवलंबून राहू नये आणि तो कोठे राहतो हे शासनाला ठाऊक असावे, या अपेक्षा रास्तच आहेत. आपल्या देशातही परकीयाला निवारा देणाऱ्याने चोवीस तासांत कळवावे, असा नियम आहे. खोट्या पत्त्यांचा धोकाही काल्पनिक नाही. एकाच पत्त्यावर मोठ्या संख्येने नावे नोंदवल्याची प्रकरणे लिस्बनमध्ये उघडकीस आली आहेत. परंतु पत्त्याला किंमत आली की पत्त्याचा बाजार उभा राहतो, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व येथे विसरले जाते. अट जितकी कडक आणि जितकी आधीची, तितका कागदापुरता करार करून देणाऱ्या दलालाचा धंदा तेजीत चालणार.

या व्यवहारात आणखी एक पक्ष आहे, आणि तो म्हणजे तेथील सामान्य भाडेकरू. ठरावीक तारखेच्या आत करार हाती असलाच पाहिजे, अशी ज्याच्यावर सक्ती आहे तो घासाघीस करू शकत नाही. मागितलेले भाडे तो देतो. भाडेवाढीची कारणे अनेक आहेत. पर्यटकांसाठी राखलेली घरे आणि अपुरी बांधकामे ही त्यांतली प्रमुख होत. त्यांत या सक्तीच्या मागणीची भर पडते. १ एप्रिल २०२३ रोजी लिस्बन, पोर्तो आदी शहरांत घरांच्या महागाईविरुद्ध मोठे मोर्चे निघाले. किमान वेतनावर जगणारा तेथील कामगार आणि तेवढेच निवृत्तिवेतन घेऊन येणारा परदेशी वृद्ध हे दोघेही एकाच टंचाईचे बळी आहेत. त्यांना एकमेकांचे शत्रू मानण्यात अर्थ नाही.

यावर उपाय अवघड नाही. पोर्तुगालचा हा व्हिसा चार महिन्यांचा असतो. त्या मुदतीत तेथे जाऊन वास्तव्याचा परवाना घ्यावयाचा असतो. मग पक्का भाडेकरार व्हिसाच्या वेळी न मागता परवान्याच्या वेळी का मागू नये? आधी तत्त्वतः मंजुरी, मग प्रत्यक्ष घर पाहून करार, असा क्रम ठेवल्यास शासनाला हवा तो पत्ता मिळेल आणि अर्जदाराचे पैसेही बुडणार नाहीत. दुसरे असे की, नोंदणीची जबाबदारी ज्याची, तिचा दंडही त्यालाच झाला पाहिजे. या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा मार्गदर्शक ठरावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अंमलबजावणीत उणिवा असतील, पण तत्त्व निःसंशय योग्य आहे.

हे बदल होतील तेव्हा होतील. तूर्त परदेशवासाचा विचार करणाऱ्यांनी उत्पन्नाची किमान मर्यादा पाहून हुरळून जाऊ नये. व्हिसा नाकारला गेल्यास करार रद्द होऊन अनामत परत मिळेल, असे कलम करारात लिहून घ्यावे. घरमालक करार करखात्याकडे नोंदवणार आहे की नाही, हे सही करण्यापूर्वीच विचारावे. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्याची सवय आपल्या निवृत्तांना आहे. परदेशात हयात असणे पुरत नाही, कोठे हयात आहोत तेही सिद्ध करावे लागते, आणि तो पुरावा दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. ज्या व्यवस्थेत वृद्धाचा कायदेशीर आसरा घरमालकाच्या एका सहीवर टांगलेला आहे, तिला निवृत्तांचे स्वागत करणारी व्यवस्था म्हणता येणार नाही.