‘स्त्रीपुरुषतुलना’ : निव्वळ संताप नव्हे

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लिहिलेल्या आणि १८८२ साली पुण्यात छापल्या गेलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या छोटेखानी पुस्तकाबद्दल असा समज रूढ आहे की, तो एका संतप्त स्त्रीचा उद्रेक असून त्याचे मोल धाडसापुरते आहे. समाजाची चिकित्सा म्हणून त्याला स्थान नाही. पुस्तक नीट वाचले असता हा समज टिकत नाही.

पहिला आक्षेप असा की, पुस्तकाचे निमित्तच प्रासंगिक होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झोड उठली, हे खरे. परंतु ताराबाई खटल्यापाशी थांबत नाहीत. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण त्या एकेक करून पुरुषांना लावून पाहतात. बायको मेल्यावर नवऱ्याने दाढीमिशा भादरून अरण्यात का राहू नये, असे विचारतात. आणि सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली, तसा कोणी नवरा बायकोसाठी गेला काय, असा जाब मागतात. एकच नियम दोन्ही पक्षांना लावून विषमता उघडी पाडणे ही तर्काची शिस्त आहे, आणि रागाच्या भरातही ती सुटलेली नाही.

दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे : समाजशास्त्राची परिभाषा नसताना या लेखनाला समाजचिकित्सा कसे म्हणावे? येथे पोलंडचे समाजशास्त्रज्ञ स्टानिस्लाव ओसोव्स्की (१८९७–१९६३) यांचे विवेचन उपयोगी पडते. लोकांच्या मनातील समाजरचनेच्या चित्रांचा त्यांनी अभ्यास केला. समाज वरचे आणि खालचे अशा दोन गटांत विभागलेला दिसणे हे द्विभाजक चित्र. प्रत्येक गट आपापले काम करून दुसऱ्याला पूरक ठरतो, असे मानणे हे कार्यात्मक चित्र. यांतले दुसरे चित्र प्रस्थापित व्यवस्थेच्या समर्थकांना सोयीचे असते, कारण त्यात विषमतेला कामाच्या वाटणीचे रूप येते. पतिव्रताधर्माचे समर्थन नेमके याच दुसऱ्या प्रकारचे होते, आणि ताराबाईंनी त्याच्या जागी पहिले चित्र उभे केले. शिवाय, इंग्रजी अमलात पोशाख आणि खाणेपिणे बदलून बसलेले पुरुष धर्मरक्षणाचा सगळा भार मात्र बायकांवर टाकतात, हे त्यांचे निरीक्षण सत्ता आणि घर यांचा संबंध दाखवणारे, म्हणजेच राजकीय समाजशास्त्राच्या कक्षेतले आहे.

तिसरा आक्षेप असा की, हे विचार वडिलांच्या आणि सत्यशोधकांच्या छायेतले आहेत. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यास सरकारी कचेरीत कारकून होते, लेकीला त्यांनीच शिकवले आणि ते सत्यशोधक समाजाशी निगडित होते, हे मान्य. मात्र या समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांच्या टीकेचा मुख्य रोख भटशाहीवर असताना ताराबाईंचा रोख जातीची मर्यादा ओलांडून पुरुषसत्तेवर आहे. पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, यावरून दोघांचे नाते अनुकरणाचे नसून संवादाचे होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

एक उणीव मात्र नाकारता येत नाही. ताराबाई जिच्यावर टीका करतात ती विधवांची पुनर्विवाहबंदी हा प्रामुख्याने उच्चवर्णीय आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घराण्यांचा जाच होता. कष्टकरी जातींत पाट लावण्याची चाल होती. स्वतः मराठा घराण्यातल्या ताराबाईंनी हा भेद पुरेसा उलगडला नाही. पण त्यामुळे विश्लेषणाची व्याप्ती मर्यादित होते, त्याचे विश्लेषणपण नाहीसे होत नाही.

ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही, आणि हेही १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत जवळजवळ विस्मरणात गेले होते. उद्रेक म्हणून बाजूला ठेवलेल्या ग्रंथाला कोणी उत्तर देत नाही आणि कोणी तो पुढेही नेत नाही. म्हणून त्याची जागा धाडसाच्या कौतुकात नव्हे, तर महाराष्ट्राच्या समाजचिंतनाच्या अभ्यासक्रमात असली पाहिजे.