नळीला अनोळखी लोखंड नको

ठासणीची बंदूक घरच्या कार्यशाळेत स्वतः घडवण्याचा छंद अमेरिकेत बराच रुजलेला आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेली या छंदाची तिथली राष्ट्रीय संघटना इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या खेड्यात अशा बंदुकांच्या नेमबाजीचे सामने भरवते. १९६८ च्या केंद्रीय शस्त्रकायद्यातून या जुन्या धाटणीच्या बंदुका बहुतांशी वगळलेल्या असल्यामुळे हौशी कारागीर भंगारातून आणलेल्या धातूचे सुटे भाग निर्धास्तपणे बनवतो. पितळेच्या जुन्या पत्र्यातून चापाभोवतीची कडी निघते. झिजलेल्या कानशीचं पोलाद चकमकीखाली चांगली ठिणगी देतं. टाकाऊतून टिकाऊ करण्याची ही वृत्ती मला मनापासून आवडते. आपल्याकडचा घिसाडी ट्रकच्या मोडक्या पाट्यातून कोयता घडवतो, त्यातही हेच शहाणपण आहे. पण हे शहाणपण बंदुकीच्या नळीपाशी थांबलंच पाहिजे. जो धातू कुठून आला, कशासाठी ओतला गेला आणि आजवर त्यानं काय सोसलं हे माहीत नाही, तो नळीला वापरणं म्हणजे परंपरा जपणं नव्हे.

परंपरेचाच दाखला द्यायचा तर तो नीट पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या उत्तम शिकारी बंदुकांच्या नळ्या खरोखरच भंगारातून बनत. घोड्याच्या नालांचे वापरलेले खिळे गोळा करायचे, फिरत्या पिंपात घासून त्यांचा गंज काढायचा, घोडागाडीच्या जुन्या पाट्यांच्या पोलादाचे तुकडे त्यात मिसळायचे, भट्टीत तापवून घणाखाली त्यांचा एकजीव गोळा करायचा, त्याची पट्टी लाटायची आणि ती सळईभोवती मळसूत्रासारखी गुंडाळून सांधायची. तयार नळीवर लाकडातल्या रेषांसारखी बारीक वेलबुट्टी उमटे. त्या कारागिरांना हेच खिळे का हवे असत? घडण्याजोग्या चिवट, मऊ लोखंडाचीच निवड नालाच्या खिळ्यासाठी होई आणि ठोकून ठोकून त्यातला मळ आणखी निघून जाई. म्हणजे ते भंगार असलं तरी त्याचं कूळ ठाऊक होतं. शिवाय एवढ्या खटाटोपानंतरही नळीवर आंधळा विश्वास कोणी ठेवत नसे. नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून ती दूरवरून उडवायची आणि टिकली तरच तिच्यावर ठसा मारायचा, अशी रीत होती. बर्मिंगहॅमचं तपासणीगृह १८१३ च्या कायद्यानं याच कामासाठी उभं राहिलं.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा, की काळ्या दारूचा दाब आधुनिक काडतुसाच्या मानानं कमी असतो आणि आजचं कुठलंही पोलाद जुन्या घडीव लोखंडापेक्षा मजबूतच असतं. पहिला भाग खरा आहे, दुसरा अर्धवट. ताण सोसणं वेगळं आणि धक्का सोसणं वेगळं. जुनं घडीव लोखंड तंतुमय असतं. ते पुष्कळदा आधी फुगतं किंवा चिरतं आणि धोक्याची सूचना देतं. उलट यंत्रावर झटपट कापता यावं म्हणून ज्यात मुद्दाम गंधक किंवा शिसं घातलेलं असतं, असं पोलाद धक्क्यानं एकाएकी फुटू शकतं. दोन्ही दांडे शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. ज्या आसानं वर्षानुवर्षं ओझं वाहिलं, त्याच्या पोटात केसाएवढी भेग असू शकते आणि वरून तो गुळगुळीत, चकचकीत दिसतो. शिवणीच्या पाइपाचं तर बोलायलाच नको. शिवाय गोळी दारूपर्यंत नीट न पोचता नळीत अर्ध्यावर अडकली, तर ‘कमी दाबा’चा भरवसाही उरत नाही. नेम धरणाऱ्याचा गाल आणि डोळा त्या वेळी नळीच्या मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर असतो.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे: नळी विकत घेतली तर ‘स्वतः घडवली’ असं म्हणायचं कसं? मला हा आक्षेप समजतो, पण इतिहास त्याच्या बाजूनं नाही. अठराव्या शतकातले पेनसिल्व्हेनियाचे नामांकित बंदूककारही सगळं एकहाती करत नसत. कित्येक जण इंग्लंडहून आलेले चापाचे तयार संच वापरत. लँकेस्टर परगण्यात पाणचक्कीवर नळ्या कोरून मिळत आणि गावोगावचे कारागीर त्या घेत. त्यांची ओळख टिकली ती मेपलच्या दस्त्याच्या वळणात आणि पितळेच्या जडावकामात. हाताचं कसब दाखवायला आजच्या हौशी कारागिरालाही तेवढी जागा पुरेशी आहे, आणि तिथे भंगारातलं पितळ खुशाल वापरावं.

भारतात हा छंदच नाही. विनापरवाना बंदूक बनवणं हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. ब्रिटनमध्ये आजही तपासणीच्या ठशाशिवाय बंदूक विकता येत नाही. अमेरिकेत अशी सक्तीची सरकारी तपासणी नाही. म्हणून तिथे नळीसाठी कोणतं लोखंड घ्यायचं, या निर्णयाची सारी जबाबदारी एकट्या घडवणाऱ्यावर येते. आणि ती नळी फुटली तर इजा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही होते.